पावडरीचं वाण

सरोजिनीताई वाढायला उठल्या की पानावर हात आडवा धरायचा नाही, असा त्यांच्या सिंगापुरातल्या, बुकित तिमाहच्या कॉन्डोत अलिखित कायदाच होता. कुणी धरलाच, तर त्या हाताच्या फटीतून बरोबर जिलबी सोडत आणि वर म्हणत, "अहो, एवढ्याने काय होतंय?" लोक हसत, खात, घरी जाऊन पोट धरून बसत आणि पुढच्या बोलावण्याला पुन्हा येत. गोड बोलून समोरच्याला कसं नमवावं हे शिकायचं असेल, तर खुशाल या बाईंकडे शिकवणी लावावी.

ऋता त्यांची भावजय, धाकट्या भावाची, म्हणजे निशिकांतची बायको. राहायला टॅम्पिनीसला, नोकरी पाया लेबारच्या एका कंपनीत, अकाउंट्सची. आणि लग्न झाल्यापासून जाडी. गुटगुटीत, भरलेली वगैरे नव्हे, सरळ जाडी. तिने कोबीचं सूप पिऊन पाहिलं, भात सोडून पाहिला, पहाटे उठून पळून पाहिलं. सहा किलो उतरायचे आणि आठ चढायचे. शेवटी २०१२ साली, गुडघे बोलायला लागले आणि साखरही वाढली, तेव्हा तिने पोटात पट्टा बसवून घेतला.

हे ऑपरेशन सांगायला सोपं आहे. जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा पट्टा घालतात आणि कातडीखाली रुपयाएवढी एक चकती ठेवतात. चकतीत सुई टोचून पाणी भरलं की पट्टा आवळतो, पाणी काढलं की सैल पडतो. आवळलेला असला की चार घासांत पोट भरतं. मात्र ते घास चावून चावून, हळूहळू खावे लागतात. भात, पोळी, पाव यांचा गोळा झाला की अडकलाच, मग ओकारी काढल्याशिवाय सुटका नाही.

"घरातली गोष्ट घरात राहू दे," निशिकांत म्हणाला. ऋतालाही तेच हवं होतं. आपल्या लोकांना उपास करून बारीक झालेली बाई चालते, पोटाला टाके घालून झालेली चालत नाही. लगेच म्हणणार, हिला जिभेवर ताबा ठेवता आला नाही म्हणून डॉक्टरला कामाला लावलं. बाहेर कळलं ते एकट्या सरोजिनीताईंना. त्या आठवडाभर टॅम्पिनीसला येऊन राहिल्या, ऋताला पेज करून पाजली, टाक्यांवरची पट्टी स्वतःच्या हाताने बदलली. खोटं कशाला बोला, तेव्हा बाईंनी केलं. ऋता त्यांच्या पाया पडली होती.

दीड वर्षात ऋता ओळखू येईनाशी झाली. कुणाच्या तरी वाढदिवसाला बायकांनी तिला घेरलं, "अगं, केलंस तरी काय?" ऋताला काय सांगावं सुचेना. तेवढ्यात सरोजिनीताई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "माझी पावडर. सकाळी एक ग्लास, संध्याकाळी एक ग्लास."

ताईंनी तेव्हा नुकतंच ते खूळ काढलं होतं. पलीकडे मलेशियातल्या जोहोरहून पोत्याने सोयाची पावडर आणायची, तिच्यात वेलची घालायची, पाकिटं भरायची आणि त्यावर 'तनुसत्त्व' असं छापायचं. घेत कुणी नव्हतं. त्या संध्याकाळपासून घ्यायला लागले. ऋताला वाटलं, बरं झालं, परस्पर उत्तर मिळालं. सुटलो एकदाचे म्हणून ती हसलीसुद्धा, वेडी कुठली. पुढच्या महिन्यात पावडरीच्या पत्रकावर तिचे दोन फोटो शेजारीशेजारी छापून आले, जाडी ऋता आणि बारीक ऋता. विचारलं कुणी? कुणीच नाही. घरचीच तर आहे, तिला काय विचारायचं.

दुसऱ्या वर्षीच्या गणपतीत ताईंकडे मोठी पंगत होती. बहुतेक बायका पावडर घेणाऱ्या, काही घेऊ का नको करणाऱ्या. ऋताने अर्धा मोदक कसाबसा बारीक चघळून खाल्ला आणि थांबली. ताई ताट घेऊन आल्या.

"बघा हं, माझी भावजय सगळं खाते. उपाशी राहा असं आम्ही कुणाला सांगतच नाही. घे गं, हा माझ्या नावचा."

"ताई, नको. अडकतं," ऋता हळूच म्हणाली.

ताई वाकल्या. तूप सोडता सोडता तिच्या कानाशी, तोंडावरचं हसू तसंच ठेवून म्हणाल्या, "आता नाही म्हणालीस ना, तर मी सांगून टाकेन हिने काय केलंय ते. मग बस तोंड लपवत."

ऋताने तो मोदक खाल्ला. उकडीचा, मऊ, चिकट. आणखी एक खाल्ला. मग ती त्या कॉन्डोच्या बाथरूममध्ये पांढऱ्या फरशीवर गुडघे टेकून बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ओकत राहिली. बाहेर आरतीच्या टाळ्या चालू होत्या. उतरेना काही आणि येईनाही नीट. घरी आल्यावर पाणीसुद्धा टिकेना. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात पोटाचा फोटो काढला, तर पट्टा जागेवरून सरकलेला.

डॉक्टरीणबाई सज्जन होत्या. म्हणाल्या, एका जेवणाने असं होत नाही, पट्टा आधीपासूनच थोडा सरकत असणार, इतक्या ओकाऱ्यांनी उरलेलं काम केलं. त्यांचं बरोबरच असेल. पण ऋताच्या कोर्टात साक्षीपुरावे कधीच संपले होते. तिथे मोदक दोषी होता आणि मोदक वाढणारा हात त्याहून दोषी होता.

पट्ट्यातलं पाणी काढून टाकलं आणि भूक परत आली. कशी आली म्हणता, वर्षानुवर्षं दाराबाहेर उभी केलेली सासू घरात यावी तशी आली. जळजळ मात्र गेली नाही. रात्री आडवं पडलं की घशाशी आंबट यायचं, म्हणून ती तीन उशा लावून बसून झोपायची. काकडी, पोळी, उसळ, म्हणजे शहाण्या माणसाने खावं ते सगळं अडकायचं. आईस्क्रीम, श्रीखंड, हॉकर सेंटरच्या खाऊगाड्यांवरचं ते गुलाबी बँडुंग सरबत मात्र सुळकन खाली जायचं. दिवसभर नुसत्या वरणाच्या पाण्यावर काढायची आणि संध्याकाळी ऑफिसातून येताना हात थरथरले की स्टेशनखाली उभी राहून कोन खायची. खाताना रडायची. वजन आलं. आधी कपडे बोलले, मग आरसा बोलला, मग लोक बोलले.

लोकांना कुणी बोलतं केलं ते सांगायला नकोच. "माझी पावडर सोडली ना तिने," ताई मान हलवत सांगायच्या. "रात्री उठून फ्रीज उघडते म्हणे. निशी बिचारा काही बोलत नाही. शेवटी जिभेवर ताबा हवा हो." मंडळाच्या कार्यक्रमात ऋताने ताटलीत वडा घेतला की आजूबाजूच्या चार बायका त्या वड्याकडे बघायच्या. ऋता ताटली तशीच खाली ठेवायची.

हे सगळं तिने गिळलं. अन्न गिळता येत नव्हतं, पण अपमान उतरत होता. मग २०१६ च्या जानेवारीत मुक्ताने, तिच्या पंधरा वर्षांच्या लेकीने, फोन तिच्यापुढे धरला.

"मम्मी, धिस इज यू, लाह. आत्याने नवीन टाकलंय. माझ्या फ्रेंडच्या आईने फॉरवर्ड केलं."

पत्रकावर आता तीन फोटो होते. जाडी, बारीक, आणि पुन्हा जाडी. तिसरा दिवाळीच्या फराळाला काढलेला होता, ऋता खाली वाकून चकलीचा डबा उघडत होती तेव्हाचा, मागून. खाली लिहिलं होतं, 'तनुसत्त्व सोडल्यावर.'

मुक्ताने फोन बंद केला आणि हळूच विचारलं, "इज इट ट्रू? तू रात्री खातेस?"

पोटच्या पोरीने विचारलं आणि ऋताच्या आत काहीतरी थंड झालं. संताप नव्हता तो, संतापाला ऊब असते. तिने मुलीला शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं, पट्टा, चकती, मोदक. मग पोटावरचे टाक्यांचे व्रण दाखवले.

निशिकांत घरी आल्यावर तिने त्यालाही पत्रक दाखवलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ताईने हे बरं नाही केलं," तो म्हणाला. "मी बोलतो तिच्याशी."

"काय बोलशील?"

"हेच, की फोटो काढून टाक."

"आणि ऑपरेशनचं?"

"ते कशाला उकरायचं आता? तिचा धंदा आहे, ऋता. आणि आपलीही शोभाच होईल. पुढच्या आठवड्यात पट्टा काढायचाच आहे ना तुझा? निघाला की विषय संपला."

आणि नेमकं तेच ऋताच्या डोक्यात घण घातल्यासारखं वाजायला लागलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई पट्टा काढणार होत्या, चकतीही काढणार होत्या. मग काही महिन्यांनी जमलं तर दुसरं ऑपरेशन. पट्टा निघाला की तिच्या बाजूने बोलणारं जगात काही उरणार नव्हतं. पाच बारीक व्रण, ते तर कशाचेही असू शकतात. नवरा तोंड उघडणार नाही, नणंद उघडू देणार नाही. आयुष्यभर ती हावरट ठरणार, आणि तीसुद्धा लेकीच्या मैत्रिणींच्या आयांमध्ये.

त्याच रविवारी ताईंचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. निशिकांत म्हणाला, "बरं नाही म्हणून सांगूया."

"मला छान बरं आहे," ऋता म्हणाली.

तिने काळी साडी काढली. ब्लाउज बसेना, मग दोन्ही बाजूंची शिलाई उसवली. टॅक्सीत बसल्यावर ती खिडकीबाहेर बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होती. टॅक्सीवाल्या काकांना वाटलं बाई जप करतेय, त्यांनी रेडिओ बंद केला.

कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये तीसेक बायका होत्या, सगळ्या काळ्या साड्यांत. एका टेबलावर तिळगूळ, अत्तरदाणी, हळदीकुंकवाचं तबक. दुसऱ्या टेबलावर वाण. आता वाण म्हणून बायका काय लुटतात, वाटी, डबी, रुमाल, फारतर कुंडीतलं रोप. ताईंनी प्रत्येकीला 'तनुसत्त्व'चं पाकीट ठेवलं होतं, चंदेरी कागदात, आणि त्याला लाल रिबिनीने बांधलेलं तेच तीन फोटोंचं पत्रक. ऋता आत आली तेव्हा निम्म्या बायकांच्या हातात ती स्वतःच होती, तीनदा. बायकांनी पत्रकं उलटी केली. काहींनी नाही केली.

"आलीस? ये गं," ताई म्हणाल्या. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला होता, पण क्षणभरच. "तिळगूळ घे, गोड बोल."

"घेते की," ऋता म्हणाली.

ताईंकडचा दुसरा कायदा असा, की नाव घेतल्याशिवाय वाण मिळायचं नाही. प्रत्येकीने नवऱ्याच्या नावाचा उखाणा घ्यायचा. आणि उखाणा चालू असताना मध्ये बोलायचं नाही, तेवढी शिस्त आपल्या बायका अजून पाळतात. ऋताला नाव घ्यायचा पहिल्यापासून कंटाळा, नेहमी कुठेतरी मागे लपायची. हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. तिला सगळ्यांसमोर उभी करायची, 'बघा, बिचारी आली तरी' म्हणून पाठ थोपटायची आणि पावडर पुन्हा सुरू करायचं वदवून घ्यायचं, असा काहीतरी बेत असणार. पाचसहा जणींची नावं झाली आणि ताई टाळी वाजवून म्हणाल्या, "आता आमची ऋता. आज सुटका नाही हं. घे नाव."

"राहू दे ना, ताई."

"अगं, एवढ्याने काय होतंय?"

ऋता उठली. तिने पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं.

"पोटावर पाच टाके, आत सिलिकॉनचा पट्टा,
पावडरीने झाले बारीक, ही नणंदबाईंची थट्टा.
ठाऊक सारं असून गप्प बसले घरी,
निशिकांतरावांचं नाव घेते, ही जाहिरात नाही खरी."

आणि काय झालं माहितेय? बायका हसल्या. खो खो हसल्या, टाळ्या पिटल्या. उखाणा म्हणजे गंमत, गमतीला हसायचं, एवढीच सवय. "काय बाई जुळवलंय," कुणी म्हणालं. सरोजिनीताई सगळ्यांत मोठ्याने हसल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "बघा, वजन वाढलं तरी आमच्या ऋताचा विनोद काही कमी झाला नाही." आणि वाणाचं पाकीट तिच्यापुढे केलं.

ऋताचे कान तापले. इतक्या दिवसांचं एकेक अक्षर जुळवून आणलेलं, आणि या बाईने ते सुपारीसारखं तोंडात टाकलं होतं. ती पाकीट न घेता सरळ दामलेकाकूंपुढे जाऊन उभी राहिली. काकू त्या घोळक्यात वयाने सगळ्यांत मोठ्या, रीतीभातीच्या इतक्या पक्क्या की कुंकू आधी लावलं तरी टोकायच्या, आधी हळद म्हणून.

"काकू, हात द्या," ऋता म्हणाली. तिने पदर बाजूला केला आणि काकूंची बोटं घेऊन डाव्या बरगडीच्या खाली, बेंबीच्या वर, पोटावर टेकवली. "दाबा. भिऊ नका, दुखत नाही."

काकूंनी दाबलं. भुवया वर गेल्या. पुन्हा दाबलं, बोट गोल फिरवून पाहिलं.

"कडक आहे," त्या म्हणाल्या. "बटणासारखं काहीतरी आहे आत."

"त्यातून सुई घालून पट्ट्यात पाणी भरतात. चार वर्षं झाली बसवून. मी ताईंच्या पावडरीचा एक चमचा कधी खाल्लेला नाही. पट्टा सरकला म्हणून वजन आलं. गणपतीत ताईंच्या घरी मोदक खाऊन सरकला, तुमच्यातल्या बऱ्याच जणी होत्या पंगतीला. आणखी कुणाला बघायचं असेल तर या, लाजू नका. पुढच्या आठवड्यात काढणार आहेत."

आता कुणी हसलं नाही. दोघीतिघी पुढे आल्या, हळदीच्या बोटांनी चाचपून गेल्या. एकीने तर डोळे मिटून हात लावला. ऋता पोट उघडं टाकून उभी होती, तेच पोट जे लपवायला ती वीस वर्षं ढगळे कुर्ते शिवत आली होती. तिला लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. उलट, खोटं कशाला बोला, मजा वाटली.

"ताई, तुम्ही पण या ना," ती म्हणाली. "तुम्हाला जागा दाखवायला नको. पट्टी तुम्हीच बदलायचात."

दामलेकाकू वळल्या. "सरोजिनी, तुला माहीत होतं?"

ताईंच्या हातात पाकीट तसंच होतं. त्यांनी एकदा ऋताकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "अहो काकू, मी तिच्याच भल्यासाठी गप्प बसले," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनचं कळलं असतं तर लोकांनी तिला नावं ठेवली असती."

बोलून गेल्या आणि मग त्यांनाच कळलं आपण काय बोललो ते. माघारी घेता येईना.

दामलेकाकू सावकाश उठल्या. आपलं पाकीट उचललं, रिबीन सारखी केली आणि जाऊन वाणाच्या टेबलावर ठेवून दिलं.

"काकू, वाण परत करत नाहीत," ताई म्हणाल्या. आवाज पार बारीक झाला होता. "तुम्हीच सांगता."

"खरंय, वाण परत करू नये," काकू म्हणाल्या. "पण हे वाण नव्हे, हे दुकान आहे."

त्या पर्स घेऊन निघाल्या. मग दुसरी उठली, मग शेजारच्या दोघी. एकेक बाई टेबलाशी जायची, पाकीट ठेवायची, ताईंकडे न बघता चपला घालायची. ठेवताना चंदेरी कागद चुरचुरायचा. एका तरुण मुलीने आपल्या पिशवीतून आणखी चार पाकिटं काढली, विकत घेतलेली, आणि तीही त्या ढिगावर ठेवली.

ताई तबकाशेजारी उभ्या होत्या. अर्धी खोली रिकामी झाली तेव्हा त्या ऋताजवळ आल्या आणि दातओठ खात म्हणाल्या, "माझ्या भावाचं नाव घेऊन केलंस हे. घरी जाऊन निशीला काय तोंड दाखवशील?"

"मी माझं पोट दाखवलंय सगळ्यांना," ऋता म्हणाली. "तोंड आता त्याने दाखवायचं. तुम्ही आधी फोन करा, म्हणजे तयारीत राहील."

तिने जवळचीच एक खुर्ची ओढली आणि दाराकडे तोंड करून बसली. पदर पोटावर ओढून घ्यायचं तिच्या लक्षातही आलं नाही. पर्समध्ये फोन वाजायला लागला, निशिकांतचाच असणार, तिने वाजू दिला. टेबलावरच्या ढिगात सगळ्यांत वरचं पत्रक तिच्याकडे तोंड करून होतं. तिने तिन्ही फोटोंकडे नीट पाहिलं, मग शेवटची बाई पाकीट ठेवून जाईपर्यंत ताईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिला कीव आली नाही. ती यायची वाट बघावी, असंही वाटलं नाही.